वाट पाहण्याचा खर्च

(मिशन रविवारी दुपारच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



खजिनदारांनी मला आज बोलायला उभं केलंय ते एका पत्रामुळे. गेल्या वर्षीच्या हिशेबात ‘प्रवेश फी’ असं एक खातं होतं आणि त्याखाली एकाच मुलीच्या नावावर दोन महाविद्यालयांची फी खर्ची पडलेली होती. आपल्या एका जुन्या देणगीदारांनी ते बरोबर टिपलं आणि विचारलं, ज्या कॉलेजात मुलगी राहिलीच नाही तिथली फी आपण का भरली? पत्रात राग नव्हता. प्रभूच्या कामाचा पैसा आहे, जपून वापरला जावा, एवढंच म्हणणं होतं. प्रश्न रास्त आहे. पण दोन ओळींत त्याचं उत्तर लिहायला बसले तर ते सारवासारवीसारखं वाटलं असतं. म्हणून खजिनदार म्हणाले, ताई, तुम्हीच सगळं सांगा.

डिंभे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय. भीमाशंकरला जाताना घोडेगाव मागे टाकलं की घोड नदीवरचं धरण लागतं. हुतात्मा बाबू गेनू सागर हे त्या जलाशयाचं नाव. तरुण संघाची सहल आली होती तेव्हा सगळ्यांनी तिथे फोटो काढले. त्या पाण्याखाली आंबेगाव नावाचं गाव आहे. तालुक्याला अजून त्याचंच नाव आहे, कचेऱ्या मात्र घोडेगावात. पाण्याच्या कडेने आणि वर डोंगरात महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा वस्त्या आहेत. धरणाचं पाणी कालव्याने खाली जातं आणि वरच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन चालतात. पण आज पाण्यावर बोलायचं नाही. आज बारावी झालेल्या पोरांवर बोलायचं आहे.

आपल्या वेळी एकच निकाल असायचा. वर्तमानपत्रात नंबर बघायचा, पेढे वाटायचे, गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या रांगेत उभं राहायचं. आता इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, नर्सिंग यासाठी बारावीचा निकाल पुरत नाही. राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डॉक्टर व्हायचं तर देशपातळीवरची नीट. २०२४ पासून बीबीए, बीसीएलाही सीईटी आली. म्हणजे निकाल दोन. आणि हे दोन निकाल एकाच दिवशी लागत नाहीत. मधे दिवस जातात. माझं आजचं सगळं बोलणं त्या मधल्या दिवसांबद्दल आहे.

किती दिवस, तेही सांगते, कारण आकडा कळल्याशिवाय गोष्ट कळत नाही. २०२३ साली बारावीचा निकाल २५ मेला लागला आणि सीईटीचा १२ जूनला. अठरा दिवस. २०२४ मध्ये २१ मे आणि १६ जून, म्हणजे सव्वीस. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे इतक्या लवकर लागला आणि सीईटीचा १६ जूनला, बेचाळीस दिवस. आणि २०२२ साली, करोनामुळे सगळं वेळापत्रक विस्कटलेलं असताना, बारावीचा निकाल ८ जूनला आणि सीईटीचा १५ सप्टेंबरला. मोजून नव्याण्णव दिवस. नव्याण्णव म्हटल्यावर तुम्हाला मेंढरं आठवली असतील. हरवलेल्या शंभराव्याची गोष्ट मी पुढे सांगणारच आहे.

आता या मधल्या दिवसांत होतं काय? मंचरचं, घोडेगावचं, जुन्नरचं साधं कला-विज्ञान कॉलेज सीईटीसाठी थांबत नाही. बारावीचा निकाल लागला की त्यांचे अर्ज निघतात, यादी लागते, ‘अमुक तारखेपर्यंत फी भरा, नाहीतर जागा पुढच्याला’ असा कागद फलकावर लागतो. त्या तारखेला सीईटीचा निकाल हातात नसतो, किंवा निकाल असतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या नसतात. मुलाने ठरवायचं काय? बीएस्सीला पैसे भरून जागा धरायची, की इंजिनिअरिंगची आशा धरून हात रिकामे ठेवायचे?

शहरातलं घर काय करतं ते तुम्हाला माहीत आहे, आपणही केलंय. दोन्ही करतं. एका ठिकाणी फी भरून ठेवतं, दुसरीकडचं लागलं की पहिलं सोडतं. गेले पैसे तर गेले, मुलाचं वर्ष तर वाचलं. यात कोणी कोणाला उधळ्या म्हणत नाही. शहाणपणा म्हणतात.

डिंभ्याच्या वर हेच दिवस कसे असतात ते सांगते. बाळहिरडा वेचून विकलेला असतो, त्याचे पैसे किराण्यात आणि लग्नकार्यात संपलेले असतात. राब भाजून झालेले असतात. मृगाच्या तोंडावर भाताचं बी, खत, छपराची डागडुजी. बाप नारायणगावला मजुरांच्या बाजारात उभा असतो, तिथून टोमॅटोच्या नाहीतर कांद्याच्या कामाला जातो आणि आवणीला परत येतो. वर्षातला सगळ्यात रिकाम्या खिशाचा महिना कोणता, असं तिथल्या कुठल्याही बाईला विचारा, ती जून सांगेल. आणि नेमकी त्याच महिन्यात कॉलेजची शेवटची तारीख.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आदिवासींना फी माफ असते ना? असते. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना ती मिळते. शिक्षण शुल्क शासन भरतं. पण ते महाडीबीटीवर अर्ज भरल्यानंतर, म्हणजे प्रवेश झाल्यानंतर. प्रवेशाच्या खिडकीवर ‘आत्ता एवढे भरा, स्कॉलरशिप आली की बघू’ असं ऐकलं नाही असं घर मला आमच्या भागात दाखवा. शिवाय पहिलं कॉलेज सोडून दुसरीकडे गेलं की शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज रद्द करून घ्यावा लागतो, नाहीतर दुसरा अडकतो. राहायचं तर आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, आणि तिथे जागा नसेल तर स्वयंम योजना. पुण्यात राहणाऱ्या मुलाला त्या योजनेत वर्षाला साठ हजार रुपये ठरवलेले होते. चांगली योजना आहे. पण तिलाही आधी कॉलेजचा प्रवेश लागतो, आणि पहिल्या महिन्याची खोली कोणी उधार देत नाही.

पैशाखेरीजही अडचणी आहेत, त्यातली एक ऐकून तुम्हाला हसू येईल. निकाल बघायला मोबाइलवर ओटीपी येतो. ज्या नंबरवर येतो तो बापाचा असतो. बाप नारायणगावला. मुलगी इकडे रेंजच्या जागेवर. आमच्याकडे प्रत्येक वस्तीची रेंजची जागा ठरलेली आहे, कुठे देवळाचा चौथरा, कुठे घाटाचं वळण. तिथे उभी राहून ती बापाला फोन लावते, बाप शेतात, फोन मुकादमाच्या पिशवीत. ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. हे एकदा नाही, दर जूनमध्ये घडतं. कित्येकांच्या अर्जावर तर घोडेगावच्या नाहीतर मंचरच्या दुकानदाराचाच नंबर असतो, कारण अर्ज भरला त्या दिवशी बापाचा रिचार्ज संपलेला होता. मग परवलीचा शब्द कोणाला ठाऊक?

निकाल दिसला तरी तो समजावून सांगावा लागतो. सीईटी २०१९ पासून संगणकावर, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत होते. एका सत्राचा पेपर सोपा, दुसऱ्याचा अवघड, म्हणून गुण न देता पर्सेंटाइल देतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. साठ पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतल्या साठ जणांएवढे किंवा त्यांच्याहून जास्त गुण. एका आजीला मी हे अर्धा तास सांगत होते. ती म्हणाली, “म्हंजी साठ पोरं मागं ठेवली व्हय? मंग पुढं किती हायेत, त्ये सांग की.” इतका चांगला प्रश्न मला शहरातल्या पालकांनीसुद्धा विचारलेला नाही. प्रवेश त्या पुढच्यांवरच ठरतो.

आता दोन मुलांची हकिकत सांगते. नावं सांगणार नाही, गावंही नाही.

पहिला मुलगा २०२२ चा, त्या नव्याण्णव दिवसांचा. गणित चांगलं. बारावीनंतर त्याने बीएस्सीची जागा धरली नाही, कारण घरात दोन ठिकाणी भरायला पैसे नव्हते आणि त्याला इंजिनिअरच व्हायचं होतं. आपला प्रवेशाचा निधी तेव्हा सुरू झालेला नव्हता. जून गेला, जुलैमध्ये त्याने आवणी केली, ऑगस्टमध्ये तो नारायणगावला मजुरीला गेला. घोडेगाव-मंचरचे वर्ग तोवर भरून सुरूही झाले. सप्टेंबरच्या मध्यावर निकाल लागला. पर्सेंटाइल फार मोठं नव्हतं, पण अनुसूचित जमातीच्या जागेवर त्याला लांबच्या जिल्ह्यात इंजिनिअरिंगची जागा लागली. आईने मला निरोप धाडला, पोराला नंबर लागला. आणि मग खिडकीवर त्याला व्हॅलिडिटी मागितली.

व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. याबद्दल मला थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण निकालाची वाट पाहणं एक आणि या कागदाची वाट पाहणं दुसरं, आणि आदिवासी मुलाला दोन्ही एकदम पाहाव्या लागतात. जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात. पण राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर तो दाखला खरा आहे हे अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडून ठरवून घ्यावं लागतं. २००१ सालचा राज्याचा कायदा तसा आहे. त्यामागे १९९४ चा सर्वोच्च न्यायालयाचा माधुरी पाटील खटल्याचा निकाल आहे. आणि तो खटला कशाचा होता? महादेव कोळी असल्याचा दावा करून घेतलेल्या कॉलेजच्या प्रवेशाचा. न्यायालयाला तो दावा खोटा दिसला, आणि अशा दाव्यांची तपासणी कशी करायची याची सगळी रीत त्या निकालात घालून दिली गेली. म्हणजे बघा, आमच्या डोंगरातल्या लोकांचं नाव दुसऱ्यांनी लावलं, म्हणून चाळणी आली. चाळणी हवीच होती. ती नसती तर या पोरांची जागा केव्हाच दुसऱ्याने नेली असती. पण आज त्या चाळणीतून सगळ्यात हळू खाली येतात ती त्यांचीच पोरं.

कारण कागद. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरतात. त्याच्या आधीचा पुरावा हवा. आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेची नोंद, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा कागद. आजोबा शाळेतच गेले नाहीत तर नोंद कुठली? गेले असले तर मास्तरांनी नुसतं ‘कोळी’ लिहिलेलं असतं, ‘महादेव’ राहून गेलेलं. मास्तरांना काय माहीत, सत्तर वर्षांनी त्या एका शब्दावर नातवाचं इंजिनिअरिंग अडेल! धरणात ज्यांची गावं गेली, त्यांना जुनी कागदपत्रं शोधायला चार ठिकाणी जावं लागतं. माळीणमध्ये ३० जुलै २०१४ ला ज्या घरांवर डोंगर आला, त्या घरांतून माणसं गेली तिथे कागदाचं काय बोलायचं. ठाकरांचंही असंच, त्यांच्या रूढी, देव, लग्नाच्या चाली विचारून ‘तुम्ही खरे ठाकर वाटत नाही’ म्हणायचे. २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या खटल्यात सांगितलं की ही चालीरीतींची परीक्षा म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. त्याने पुष्कळांना दिलासा मिळाला. तरी कागद तो कागदच.

त्या मुलाचा प्रस्ताव बारावी संपता संपता दाखल झाला होता. आजोबांच्या नोंदीत त्रुटी निघाली. ती दुरुस्त करून, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नव्याने करून पाठवेपर्यंत प्रवेशाची तारीख निघून गेली. राखीव जागा गेली. खुल्या वर्गातली फी ऐकून बाप खिडकीवरून मागे फिरला. प्रमाणपत्र पुढे आलं; आता ते घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत तुळईला बांधून ठेवलंय. मुलगा नारायणगावलाच आहे, टेम्पो चालवतो. मी त्याला पुन्हा परीक्षेला बस म्हणाले तेव्हा तो म्हणाला, “ताई, तवा मी थांबलो व्हतो. आता घर थांबत नाय.” हा तो शंभरावा, आणि त्याला शोधायला जायचं म्हटलं तर तो हरवलेलाही नाही, रोज बाजारात भेटतो.

दुसरी मुलगी २०२४ ची. हिच्याच नावावर तुमच्या हिशेबात दोन फी आहेत. जीवशास्त्राचा गट, फार्मसी करायची इच्छा. २१ मेला बारावीचा निकाल लागला. जूनमध्ये तालुक्याच्या भागातल्या एका कॉलेजात बीएस्सीची यादी लागली, तिचं नाव होतं, चार दिवसांत फी भरायची होती. मुलीचा बाप माझ्याकडे आला. म्हणाला, “ताई, एक कायतरी सांगा. दोन दगडांवर पाय ठेवायची आमची ऐपत नाय.” आम्ही स्थानिक समितीत बसलो आणि ठरवलं की बीएस्सीची फी आपण भरायची. तिला स्पष्ट सांगितलं, वर्गात जा, अभ्यास कर, ही नुसती जागा अडवायची गोष्ट नाही. फार्मसी नाही लागली तर हेच तुझं कॉलेज.

१६ जूनला सीईटीचा निकाल लागला आणि बरा लागला. पण फार्मसीच्या प्रवेशाला कॉलेजांच्या मान्यतेचं घोडं अडलं होतं. इंजिनिअरिंगच्या फेऱ्या होऊन गेल्या, ऑगस्ट संपला, तरी फार्मसीची पहिली यादी नाही. हे एवढे महिने ती मुलगी काय करत होती? बीएस्सीचे तास करत होती, घोडेगावच्या वसतिगृहात दोन वेळा जेवत होती. तो मुलगा याच दिवसांत २०२२ मध्ये टोमॅटोच्या जाळ्या उचलत होता. फरक एवढाच, की हिच्या पायाखाली फळी होती. ती फळी म्हणजे हिशेबातली ती पहिली फी.

मग यादी लागली, तिला पुण्याच्या बाजूला जागा मिळाली. तिचं वैधता प्रमाणपत्र आदल्या वर्षीच आलेलं होतं, कारण तिच्या वेळी आम्ही अकरावीतच प्रस्ताव घातला होता. बीएस्सीचा प्रवेश रद्द केला. आता फीचं काय? हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं, तुमच्या नातवंडांनाही उपयोगी पडेल. विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. २०२४-२५ साठी तो असा होता की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर फार तर एक हजार रुपये कापून बाकी परत. शिवाय मुलाचे मूळ दाखले कॉलेजने अडकवून ठेवायचे नाहीत, हेही आयोगाने सांगून ठेवलंय. आम्ही रद्द केलं ते ऑक्टोबरात. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, एकदा भरलेली फी आमच्याकडे परत देत नाहीत. मी नियमाचा कागद छापून नेला होता, तो पुढे केला. त्यांनी तो वाचला, आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, अर्ज द्या. तीन खेपा झाल्या. हजार रुपये कापून बाकी रक्कम आपल्या खात्यात जमा झाली, पण ती आली हिशेबाचं वर्ष संपल्यावर. म्हणून तुम्हाला छापील हिशेबात खर्च दिसला आणि जमा दिसली नाही. ती यंदाच्या हिशेबात दिसेल, खजिनदारांनी पान काढून ठेवलंय.

सगळ्यांची परत येते असं मी म्हणणार नाही. एका मुलाची आली नाही. त्याची शेवटच्या फेरीतली जागा लागेपर्यंत नियमाची तारीख उलटून गेली होती. एकाचा नंबर कुठेच लागला नाही आणि तो त्याच बीएस्सीला राहिला. त्याची फी वाया गेली असं कोणी म्हणणार नाही, उलट तीच उपयोगी पडली. तेव्हा पत्राचं उत्तर असं, की होय, या खात्यातले काही पैसे दर वर्षी बुडतील. ते बुडणार हे धरूनच मी ते मागते आहे. नंतर कोणाला आश्चर्य वाटू नये.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं बेथेस्दाचं तळं तुम्हाला पाठ आहे, वाचून दाखवत नाही. अडतीस वर्षं आजारी असलेला तो माणूस. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होणार, असा तिथला समज. लहानपणी रविवारच्या शाळेत मला वाटायचं, हा एवढी वर्षं काठावर पडून राहिला, एकदाही सरकत सरकत पोचला नाही? डिंभ्यात काम करायला लागल्यापासून मला तो नीट कळतो. पाणी कधी हलणार हे त्याला आधी कोणी सांगत नव्हतं. आणि हललं की त्याला उचलून नेणारं कोणी नव्हतं. तो प्रभूला तेच सांगतो. बाकीच्यांची माणसं काठावर तयार उभी असणार. आपली मुलं घरात बसून निकालाची वाट पाहतात तेव्हा त्यांच्या मागे तयार उभी असलेली माणसं म्हणजे आपण आईबाप असतो. बँकेत थोडे पैसे असतात, फाइलमध्ये सगळे दाखले असतात, आणि एक फोन असतो ज्याला रेंज असते. त्या मुलाजवळ यातलं काहीच नव्हतं, आणि तरी दोघांना एकच शेवटची तारीख.

काही जण मला विचारतात, तारखाच बदलायला सांगा ना. सांगतो. साध्या कॉलेजांनी सीईटीच्या निकालानंतर निदान आठवडाभर आपली यादी उघडी ठेवावी, आणि वैधता प्रमाणपत्राची पोचपावती दाखवणाऱ्या आदिवासी मुलाला पुरेशी मुदत द्यावी, असं निवेदन आम्ही इतर कार्यकर्त्यांबरोबर दिलंय. कधी कधी मुदतवाढ मिळतेही. पण ती शेवटच्या दिवशी संध्याकाळी जाहीर होते, आणि ती वस्तीवर कळेपर्यंत तीही संपलेली असते. मुदतवाढीच्या भरवशावर कोणाला घरी बसवून ठेवायला मी तयार नाही.

म्हणून येत्या वर्षी आम्ही असं करणार आहोत. अकरावीत गेलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आजोबा-पणजोबांचे कागद गोळा करायचे, प्रस्ताव शाळेमार्फत तेव्हाच घालायचा. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं सिमकार्ड, आणि एक वही, ज्यात अर्जाचा क्रमांक, परवलीचा शब्द, ईमेल लिहिलेलं असेल. (वही. मोबाइल पाण्यात पडतो.) मे-जूनमध्ये डिंभ्याच्या आपल्या खोलीत इंटरनेट आणि बॅटरीवर चालणारा संगणक, कारण वळवाच्या पावसात वीज गेली की दोन दोन दिवस येत नाही. आणि प्रवेशाचा निधी, ज्यातून स्थानिक समिती चार दिवसांच्या आत फी भरू शकेल. आज मंजुरीसाठी कागद पुण्याला येतो, सह्या होऊन परत जातो. फलकावरची तारीख तेवढी थांबत नाही, म्हणून समितीला तिथेच निर्णय घेऊ द्या, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. परत आलेली प्रत्येक रक्कम पुन्हा त्याच निधीत जाईल आणि न आलेली कारणासह लिहिली जाईल.

पैशाशिवायही मागणं आहे. परीक्षेचं केंद्र बहुधा पुण्यात येतं. सकाळच्या सत्राला वेळेवर पोचायचं तर वरच्या वस्तीवरून आदल्या दिवशीच निघावं लागतं, आणि मुली रात्री राहणार कुठे? मंडळीतल्या कुटुंबांनी एप्रिल-मेमध्ये एकेका मुलीला एका रात्रीपुरतं घरी ठेवून घेतलं आणि सकाळी केंद्रावर सोडलं, तर फार काम होईल. तिला वेगळी खोली नको, गादीही नको. फक्त जेवताना ‘पेपर कसा जाईल’ असं कोणी विचारू नये, एवढंच. निवृत्त झालेले शिक्षक, कारकून आपल्यात बरेच आहेत. त्यांनी जून-जुलैमध्ये दोन दोन दिवस येऊन पर्यायांचा अर्ज भरायला मदत करावी. कॉलेजांचा क्रम कसा लावायचा हे मुलांना कळत नाही. २०२५ मध्ये पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागत होतं, म्हणून विचार न करता पहिलं नाव टाकलं की मूल तिथेच अडकतं.

ती फार्मसीची मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिची धाकटी बहीण अकरावीत आहे आणि तिचा प्रस्ताव या महिन्यात जाईल. थोरलीचं प्रमाणपत्र घरात असल्यामुळे तिला जड जाऊ नये. मुलींना ठेवून घेणाऱ्यांसाठी आणि जूनमध्ये येऊ शकणाऱ्यांसाठी दोन वेगळ्या वह्या मागच्या टेबलावर, चहाच्या किटलीशेजारी ठेवल्या आहेत. नाव, फोन आणि कोणते दिवस जमतील ते लिहा. परीक्षेचे अर्ज हिवाळ्यात निघतात, तेव्हा नावं नाताळाच्या आत मिळाली तर बरं.